जागा दिसते, पण फाइल बसत नाही: 'डिस्क भरली' या तक्रारीचं मूळ कसं शोधायचं

आधी लक्षणं बघा. यातलं एखादं तुमच्याकडे दिसत असेल तर पुढे वाचा.

- पेनड्राइव्हवर 20 जीबी मोकळी आहे, तरी 5 जीबीचा एक व्हिडिओ कॉपी होत नाही.
- 1 टीबीची डिस्क आणली आणि संगणक 931 जीबीच दाखवतो.
- सगळ्या फोल्डरांची बेरीज 90 जीबी होते, ड्राइव्ह मात्र 160 जीबी वापरली म्हणतो.
- एका फोल्डरात हजारो फायली बिनतक्रार गेल्या, मग अचानक एकही जाईना. अर्धा ड्राइव्ह रिकामा आहे.
- कॉपी पूर्ण झाली, पण दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडत नाही.
- लिनक्सवर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतं आणि 40 टक्के जागा तर समोर मोकळी दिसते.
- 3 टीबीच्या डिस्कवर 2048 जीबीच्या पुढे पार्टिशन होतच नाही.

मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं काम करतो. फोटो स्टुडिओ, शाळा, वाचनालयं, लहान छापखाने ही माझी गिऱ्हाईकं. वरच्या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी माझ्याकडे येतात त्या एकाच वाक्यात: "डिस्क भरली म्हणते, पण भरलेली नाही." आणि निम्मे लोक येण्याआधीच काहीतरी डिलीट किंवा फॉरमॅट करून बसलेले असतात. ते टळावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुळात डिस्कवर 'मोकळी जागा' नावाची वस्तू कुठेच नसते. असते ती मोकळ्या जागेची नोंद. शेतजमीन जागच्या जागी असते, पण व्यवहार होतो तो सातबाऱ्यावर काय लिहिलंय त्यावर. डिस्कचंही तसंच. फाइल सिस्टीम डिस्कचे सारख्या मापाचे तुकडे पाडते, त्यांना क्लस्टर किंवा ब्लॉक म्हणतात, आणि कुठला तुकडा कोणाचा याची वही ठेवते. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये ही वही म्हणजे नुसते बिट: प्रत्येक क्लस्टरमागे एक, 0 म्हणजे मोकळा, 1 म्हणजे घेतलेला. 1 टीबीच्या डिस्कवर 4 केबीचे साधारण 24 कोटी 40 लाख क्लस्टर पडतात आणि त्यांची वही जेमतेम 30 एमबीची होते. 'जागा नाही' याचा अर्थ म्हणूनच बऱ्याचदा 'वहीत पुढची ओळ लिहिता येत नाही' एवढाच असतो. ती का लिहिता येत नाही, तेच शोधायचं.

सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही. त्या संपेपर्यंत फॉरमॅट करू नका आणि विंडोजने 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर 'कॅन्सल' दाबा.

1. आकड्यातला फरक (वेळ: एक मिनिट)

डिस्क बनवणारे 1 टीबी म्हणजे 1 वर 12 शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज मोजते 1024च्या पटीत आणि तरीही नाव 'जीबी'च लावते. भागाकार केला की 931 येतात. त्याच हिशोबाने 64 जीबीचा पेनड्राइव्ह 59.6च्या आसपास दिसतो आणि 32 जीबीचा 29.8च्या. तुमचा फरक एवढाच असेल तर डिस्क ठणठणीत आहे, इथेच थांबा. ही तपासणी पहिली ठेवली कारण एवढ्याशा फरकासाठी डिस्क परत करायला निघालेले लोक मी दर महिन्याला बघतो.

2. एकच मोठी फाइल अडते का?

लहान फायली जातात आणि 4 जीबीच्या वरची एक अडते, तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फाइल सिस्टीम' बघा. तिथे एफएटी32 असणार. या पद्धतीत फाइलचा आकार लिहायला 32 बिटांचा रकाना आहे आणि त्यात 4,29,49,67,295च्या पुढचा आकडा मावतच नाही. ड्राइव्हवर जागा कितीही असो, एका फाइलला 4 जीबीची ही मर्यादा राहणारच. लग्नाचा सलग व्हिडिओ एडिट करून एकत्र काढला की ती हमखास ओलांडली जाते.

उपाय दोन. पेनड्राइव्हवरचं सगळं दुसरीकडे उतरवून तो एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट करा, तिथे ही 4 जीबीची मर्यादा नाही. नाहीतर डेटा न पुसता विंडोजच्या 'कन्व्हर्ट' आज्ञेने एफएटी32चं एनटीएफएस करा. ही वाट एकेरी आहे, उलट फिरता येत नाही, म्हणून बॅकअप याही वेळी घ्याच. आणि करण्यापूर्वी हा पेनड्राइव्ह कुठे लावणार ते विचारात घ्या. गाडीतला जुना म्युझिक सिस्टीम किंवा जुना टीव्ही बहुधा एफएटी32च वाचतो. 32 जीबीच्या वरचा पेनड्राइव्ह नेहमीच्या फॉरमॅट खिडकीतून एफएटी32 होत नाही म्हणून लोक तो खराब समजतात. ती अडवणूक विंडोजच्या त्या खिडकीची आहे. एफएटी32 स्वतः 512 बाइटच्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डिस्क ज्या मापाने वाचते-लिहिते तो सगळ्यात लहान तुकडा) 2 टीबीपर्यंत जाते.

3. न दिसणारे भाडेकरू

बेरीज जुळत नसेल तर आधी रिसायकल बिन रिकामा करा. प्रत्येक ड्राइव्हचा बिन वेगळा असतो. मॅकवर लावलेल्या पेनड्राइव्हमध्ये हे फार होतं: मॅकवर फाइल काढली की ती पेनड्राइव्हवरच्याच एका लपलेल्या ट्रॅश फोल्डरात जाते आणि मॅकचा ट्रॅश रिकामा करेपर्यंत जागा अडवून बसते. विंडोजमध्ये आणलं की ड्राइव्ह रिकामा दिसतो आणि भरलेलाही दिसतो.

सी ड्राइव्ह असेल तर सिस्टीम रिस्टोअरच्या जुन्या प्रती, हायबरनेशनची फाइल आणि मोठ्या अपडेटनंतर राहिलेलं जुन्या विंडोजचं फोल्डर ही नेहमीची तीन कारणं. 'डिस्क क्लीनअप' उघडून 'क्लीन अप सिस्टीम फाइल्स' निवडलं की जुनी विंडोज जाते. रिस्टोअरला किती जागा द्यायची ते 'सिस्टीम प्रोटेक्शन'मध्ये ठरवता येतं. लपलेल्या फोल्डरात शिरून हाताने काही पुसू नका.

4. 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क'

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये हे दोन आकडे एकाखाली एक असतात. एका क्लस्टरमध्ये दोन फायली राहत नाहीत, त्यामुळे 2 केबीची फाइलसुद्धा पूर्ण क्लस्टर घेते. एक्सफॅटमध्ये 32 जीबीच्या वरच्या ड्राइव्हला विंडोज आपण होऊन 128 केबीचा क्लस्टर देते. एका शाळेच्या गुणपत्रकांच्या 2 केबीच्या दहा हजार फायली अशा ड्राइव्हवर टाकल्या होत्या. खरा मजकूर 20 एमबी, अडलेली जागा 1250 एमबी. लहान फायली खूप असतील तर त्यांची एक झिप करा, किंवा फॉरमॅट करताना 'अलोकेशन युनिट साइज' लहान निवडा. व्हिडिओसाठी मात्र मोठा क्लस्टरच चांगला, कारण वही छोटी राहते.

5. एका फोल्डरात किती फायली? (मराठी नावं देणाऱ्यांनी नीट वाचा)

हा दोष मला पहिल्यांदा सापडायला दोन दिवस लागले होते. एका वाचनालयात जुन्या कागदांचं स्कॅनिंग चालू होतं. सगळी पानं पेनड्राइव्हवरच्या एकाच फोल्डरात जात होती. फाइलचं नाव 'ग्रंथालय जुने दस्तऐवज पान 00001', पुढे टिंब आणि जेपीजी. सोळा हजार तीनशे त्र्याऐंशी पानं गेली आणि पुढचं पान जाईना. ड्राइव्ह निम्मासुद्धा भरला नव्हता. त्यांनी पेनड्राइव्ह बदलला. नव्यावरही त्याच आकड्यावर गाडी थांबली, आणि त्यामुळेच मला उलगडा झाला.

एफएटी32मध्ये फोल्डर हीसुद्धा एक यादी असते. तिच्या ओळी 32 बाइटच्या आणि एका फोल्डरात जास्तीत जास्त 65,536. इंग्रजीतलं जुन्या पद्धतीचं आठ अक्षरी नाव एका ओळीत बसतं. लांब नावाला किंवा देवनागरी नावाला मात्र जादा ओळी लागतात, दर 13 अक्षरांमागे एक. इथे 'अक्षर' म्हणजे आपण कागदावर मोजतो ते अक्षर नव्हे. 'ग्रं' आपल्याला एक दिसतं, संगणकाला ते चार: ग, हलन्त, र, अनुस्वार. वरचं नाव टिंब आणि जेपीजी धरून 35 भरतं. म्हणजे तीन ओळी लांब नावाच्या आणि एक ओळ ठरलेल्या छोट्या नावाची, एकूण चार. 65,536मधून फोल्डरच्या स्वतःच्या दोन ओळी वजा करा, चाराने भागा, आणि येतात बरोबर 16,383.

उपाय फुकट आहे: हजार-हजार पानांचे उपफोल्डर करा, किंवा एनटीएफएस अथवा एक्सफॅट वापरा. मराठी नावं सोडू नका, वाचणाऱ्याला तीच हवी असतात. कमी क्षमतेच्या एफएटी16 कार्डावर हीच अडचण मुख्य फोल्डरात फारच लवकर येते, कारण तिथे सहसा 512 ओळींचीच सोय असते. फोल्डर करून त्यात फायली टाकल्या की काम होतं.

6. वही चुकली आहे का? पण आधी डिस्कची तब्येत

एफएटी32मध्ये मोकळी जागा मोजायची तर सगळी वही वाचावी लागते. 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर 16 केबीचे सुमारे वीस लाख क्लस्टर असतात. दर वेळी तेवढं वाचायला नको म्हणून 'इतके क्लस्टर मोकळे' असा एक आकडा सुरुवातीजवळच्या एका सेक्टरमध्ये वेगळा लिहून ठेवतात. तो फक्त अंदाजाचा आकडा, खरा हिशोब वहीत. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढला की वही बदललेली असते आणि वेगळा आकडा जुनाच राहतो. शिवाय काही क्लस्टर घेतलेले म्हणून नोंदले जातात, पण कुठल्याच फाइलच्या मालकीचे नसतात. जागा नाहीशी होते ती अशी.

दुरुस्ती सोपी आहे: ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टूल्स', तिथे 'चेक'. लिनक्सवर हीच तपासणी केली तर 'फ्री क्लस्टर समरी राँग' असं लिहून जुना आकडा आणि खरा आकडा शेजारी-शेजारी दाखवते. निराधार क्लस्टर विंडोज 'फाउंड' नावाच्या फोल्डरात ठेवते. त्यात काही कामाचं आहे का बघून ते पुसता येतं.

ही तपासणी वही बदलते, म्हणून दोन गोष्टी आधी करा. महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवा. आणि हार्ड डिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघा. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' वाढत असतील तर डिस्क झिजत चालली आहे. अशा डिस्कवर 'चेक' चालवणं म्हणजे जे वाचण्याची शक्यता आहे तेही घालवणं. इथे थांबा, डिस्क बंद करा आणि शेवटचा भाग वाचा.

7. ड्राइव्ह खरा आहे का?

कॉपी झालेली फाइल नंतर उघडत नसेल तर हा संशय घ्यायलाच हवा. बाजारात 2 टीबी छापलेले, अगदी स्वस्त पेनड्राइव्ह येतात. आत चिप असते 32 किंवा 64 जीबीची, पण तिचा कंट्रोलर संगणकाला 2 टीबी असं खोटं सांगतो. फाइल सिस्टीमकडे त्यावर विश्वास ठेवण्याखेरीज मार्ग नसतो. ती 2 टीबीची वही आखते आणि खऱ्या चिपच्या पलीकडे लिहिलेलं सगळं हवेत जातं. सुरुवातीच्या फायली नीट चालतात, म्हणून महिनोन् महिने कळत नाही.

रिकाम्या ड्राइव्हवर विंडोजमध्ये एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ3 चालवा. दोन्ही मोफत आहेत. ती शेवटपर्यंत लिहितात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. मोठ्या ड्राइव्हला रात्रभर लागू शकतं. नवा पेनड्राइव्ह आणला की मी त्यावर काही ठेवण्याआधी हेच करतो. खोटा निघाला तर दुरुस्ती नाही, पैसे परत मागा.

8. लिनक्स चालवणाऱ्यांसाठी

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. आधी 'डीएफ -आय'. ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी नोंद, लागतो आणि एकूण आयनोड किती ते फॉरमॅट करतानाच ठरतं, सहसा दर 16 केबीला एक. 20 जीबीच्या पार्टिशनवर ते 13 लाख 10 हजारांच्या आसपास. वेबसाइटच्या सेशनच्या बारीक फायली साचल्या की जागा असते आणि आयनोड संपतात. त्या पुसा. पार्टिशन न वाढवता आयनोड वाढवता येत नाहीत.

'डीएफ' (पूर्ण पार्टिशनचा हिशोब) आणि 'डीयू' (फायलींची बेरीज) यांच्या आकड्यांत तफावत असेल तर एखादी पुसलेली लॉग फाइल अजून कुठल्या तरी प्रोग्रामने उघडी धरलेली असते. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. शिवाय ईएक्सटी4 पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे लिनक्सच्या मुख्य प्रशासक खात्यासाठी, राखून ठेवते, म्हणजे 1 टीबीवर जवळजवळ 50 जीबी. नुसत्या साठवणीच्या डिस्कवर 'ट्यून2एफएस -एम 1' देऊन ती एक टक्क्यावर आणायला हरकत नाही. सिस्टीमच्या पार्टिशनवर मात्र ती राहू द्या, भरलेल्या सर्व्हरवर लॉगिन करायला तीच जागा उपयोगी पडते.

9. 2048 जीबीची भिंत

हा सगळ्यात अवघड भाग, कारण इथे वही नाही, जमिनीची हद्दच ठरते. एमबीआर ही पार्टिशनची जुनी पद्धत 1983 साली पीसी डॉस 2.0बरोबर आली. त्या वर्षीच्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये हार्ड डिस्क होती 10 एमबीची. सेक्टर मोजायला ठेवलेले 32 बिट तेव्हा भरपूर होते. 32 बिटांत 4,29,49,67,296 सेक्टर, प्रत्येकी 512 बाइट, म्हणजे 2048 जीबी. त्यापुढचा सेक्टर लिहायला आकडाच नाही. 3 टीबीच्या डिस्कची उरलेली 746 जीबी 'अनअलोकेटेड' म्हणून काळ्या पट्टीत पडून राहते.

'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये डावीकडे 'डिस्क 1' असं लिहिलंय त्यावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'व्हॉल्यूम्स'. 'पार्टिशन स्टाइल'समोर एमबीआर असेल तर कारण सापडलं. उपाय जीपीटी, तिथे सेक्टरचा आकडा 64 बिटांचा. पण 'कन्व्हर्ट टू जीपीटी' चालू होण्याआधी विंडोज डिस्कवरची सगळी पार्टिशन पुसायला लावते. म्हणून तेवढ्या मापाची दुसरी डिस्क हवी, आणि खर्च इथे सुरू होतो. विंडोज असलेल्या डिस्कसाठी 'एमबीआर2जीपीटी' हे साधन डेटा ठेवून रूपांतर करतं, पण त्यानंतर बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग युईएफआय या नव्या पद्धतीवर न्यावी लागते. ती बदलायचा सराव नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

अशीच भिंत एनटीएफएसला 16 टीबीवर आहे: 4 केबीचे क्लस्टर आणि क्लस्टरचा आकडा 32 बिटांचा. मोठ्या रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठवणीवर) पार्टिशन वाढत नसेल तर हेच कारण बघा. 64 केबीचा क्लस्टर घेतला की मर्यादा 256 टीबीवर जाते, पण त्यासाठी नव्याने फॉरमॅट करावं लागतं.

आणि एक प्रकार, ज्याने माझ्या ओळखीच्या स्टुडिओवाल्यांची झोप उडवली होती. बाहेरून लावायच्या डिस्कची पेटी बंद पडली. त्यांनी आतली 3 टीबीची डिस्क काढून थेट संगणकाला जोडली. विंडोज म्हणाली, फॉरमॅट करा. चार वर्षांची लग्नं त्या डिस्कवर होती. नशीब, त्यांनी बटण दाबलं नाही. काही पेट्या 2048 जीबीची भिंत ओलांडण्यासाठी संगणकाला सेक्टर 4096 बाइटचा आहे असं दाखवतात. वहीत लिहिलं होतं, 'पार्टिशन 256व्या सेक्टरपासून'. पेटीतून ते 1 एमबीवर येतं, थेट जोडल्यावर 128 केबीवर. संगणक चुकीच्या जागी शोधत होता. त्याच मॉडेलची जुनी पेटी मिळवली, डिस्क त्यात घातली, सगळे फोल्डर जसेच्या तसे उघडले. खर्च फक्त पेटीचा.

कधी हात काढून घ्यायचा

डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर आवाज येतो, ती मध्येच दिसेनाशी होते, फाइल सिस्टीमच्या जागी 'रॉ' लिहून येतं आणि आत एकमेव प्रत आहे, स्मार्टचे आकडे वाढतायत, किंवा रेडमधली एक डिस्क गेली आहे आणि कुठली ते तुम्हाला नक्की माहीत नाही: यातलं काहीही असेल तर स्वतः काही करू नका. वीज काढा. पुन्हा पुन्हा चालू करून बघणं हेच सगळ्यात जास्त नुकसान करतं. चुकून पुसलं असेल तरीही त्या ड्राइव्हवर नवीन काही लिहू नका. पुसणं म्हणजे बहुतेक वेळा फक्त वहीतली खूण बदलणं असतं, मजकूर काही काळ तिथेच असतो. एसएसडीवर मात्र ट्रिममुळे (पुसलेली जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणाऱ्या आज्ञेमुळे) तो लवकर साफ होतो, म्हणून तिथे तर ताबडतोब बंद करा.

दुरुस्तीवाल्याकडे नव्हे, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. आवाज करणारी डिस्क उघडायला धूळविरहित खोली लागते. माझ्या दुकानात ती नाही, त्यामुळे अशी डिस्क मी हातात घेत नाही. डिस्क देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: आधी पूर्ण डिस्कची प्रत काढून त्या प्रतीवर काम करणार का, तपासणीचे पैसे किती, आणि डेटा मिळाला नाही तर किती. डिस्क बाहेरच्या पेटीतली असेल तर ती पेटी आणि तिची केबलही सोबत द्या.